तिनाच्या सात होताना

आमच्या तीन कोंबड्यांनी एकाच महिन्यात अंडी देणं बंद केलं. चंद्री, तांबडी आणि काजळी, तिघीही दोन वर्षांच्या. मागच्या अंगणात जिकडे तिकडे पिसं, चंद्रीची तर मान पार उघडी पडलेली. दिवस लहान होऊ लागले की कोंबड्या पिसं गाळतात. पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच, त्यामुळे खाल्लेलं सगळं नव्या पिसांकडे जातं आणि अंड्यांसाठी काही उरत नाही. दोन-तीन महिन्यांत गाडी रुळावर येते. हे मला माहीत होतं, तरी रोज सकाळी रिकाम्या खोक्यात हात घालून परत फिरणं जिवावर यायला लागलं. अजून दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणू, असं मी ठरवून टाकलं.

तेव्हा माझ्या मनातला हिशेब फार सोपा होता. तीन अधिक दोन म्हणजे पाच. खाद्य थोडं जास्त घालायचं, पाण्याचं भांडं मोठं आणायचं, झालं. कळपात नवा पक्षी आला की जुन्या प्रत्येकीची जागा हलते आणि सगळं घर नव्याने मांडावं लागतं, हे मला पुढच्या दीड वर्षात कळलं.

दोन पांढऱ्या तलंगा आणल्या. अंधारात सोडल्या की सकाळी जुन्या कोंबड्या त्यांना आपल्यातलंच समजतात, असं ऐकलं होतं. म्हणून रात्री नऊ वाजता दोघींना अलगद दांडीवर नेऊन बसवलं. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे रात्र शांत गेली. सकाळी सहाला खुराड्यातून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. दार उघडलं तर एक तलंग कोपऱ्यात डोकं खुपसून बसलेली, तुऱ्यातून रक्त येत होतं, आणि काजळी तिच्या पाठीवर उभी. रक्त दिसलं की बाकीच्याही टोचायला लागतात. कोंबड्यांना लाल रंग चांगला दिसतो आणि ओल्या लाल ठिपक्यावर त्यांची चोच जातेच. तलंगेला उचलून घरात आणलं, जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुतली आणि चार दिवस खोक्यात ठेवली. त्या चार दिवसांत ती एकदाही ओरडली नाही. मी जवळ गेले की मान आखडून घ्यायची. तिचं ते गप्प राहणं मला फार लागलं.

दुसरी चूक याहून मोठी होती आणि ती कळायला महिना लागला.

जुन्या तिघी संध्याकाळी खुराड्यात जायला टाळाटाळ करू लागल्या. अंधार पडला तरी बाहेर कुंपणाला टेकून उभ्या. कोंबडी सांजेला आपणहून घरात जाते. ती जात नसेल तर घरात काहीतरी आहे असं समजावं. मला ते तेव्हा कळलं नाही, मी त्यांना हाकलून आत घालत राहिले. चंद्रीचा तुरा फिका पडला. मी पिसांत शोधलं, काही दिसलं नाही. दिसणारच नव्हतं, कारण मी दिवसा शोधत होते. लाल माइट नावाचा हा किडा दिवसभर लाकडाच्या फटींत लपतो, रात्री बाहेर येतो, झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितो आणि पहाटेच्या आत परत फटीत जातो. एका रात्री बॅटरी घेऊन गेले आणि पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूने फिरवला. कागदावर लाल रेघा उमटल्या. दांडीच्या टोकाला, जिथे ती भिंतीच्या खाचेत बसते, तिथे मिरपूड सांडावी तसा थर होता आणि तो हलत होता.

तो किडा नव्या तलंगांबरोबर आला की आधीपासून थोडा होता आणि गर्दी झाल्यावर वाढला, हे सांगता येणार नाही. पण तलंगा आणल्यावर मी त्यांना वेगळं ठेवलं नव्हतं, हे खरं. चंद्री पिसं गाळून आधीच अशक्त झालेली होती. किडा सापडल्यावर आठव्या दिवशी ती गेली. आंब्याच्या पेटीत जुना पंचा घालून तिला ठेवलं होतं, सकाळी तशीच होती, पाय पोटाशी घेतलेले. माझी मुलगी त्या दिवशी शाळेत गेली नाही.

त्यानंतर खुराडं पूर्ण रिकामं केलं. दांड्या काढून उन्हात टाकल्या, भुसा अंगणाबाहेर नेला, प्रत्येक फटीत उकळतं पाणी ओतलं, वाळल्यावर फटी बुजवल्या, आणि पशुवैद्यांनी दिलेलं औषध फवारलं. एकदा करून भागत नाही. उबदार हवेत या किड्याचं अंड्यापासून अंड्यापर्यंतचं चक्र आठवडाभरात पूर्ण होतं, म्हणून सहा-सात दिवसांनी सगळं पुन्हा केलं, आणि त्यानंतर आणखी एकदा. हा किडा काही खायला न मिळताही कित्येक महिने जगतो, त्यामुळे खुराडं नुसतं रिकामं ठेवून काम होत नाही. कोंबड्यांना धुळीत लोळायला एक मोठं घमेलं भरून दिलं, कोरडी माती आणि राख एकत्र करून. पिसांत राहणाऱ्या उवा त्याने आटोक्यात राहतात. लाल माइटला मात्र फटच बुजवावी लागते.

तेव्हापासून आमच्याकडे नवा पक्षी आला की तीस दिवस वेगळा. वेगळा म्हणजे खुराड्यापासून जितका दूर ठेवता येईल तितका. त्याचं भांडं वेगळं, माझ्या चपला वेगळ्या. रोज आधी जुन्यांचं करायचं, मग नव्यांचं, आणि नव्यांकडून उठून जुन्यांकडे जायचं नाही. या तीस दिवसांत मी काय बघते? शिंक, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, रात्री छातीशी कान लावल्यावर घरघर, पातळ विष्ठा, शेपटीखाली चिकटलेल्या उवांच्या अंड्यांचे पुंजके. श्वासाचे काही आजार असे आहेत की पक्षी बरा दिसू लागतो, पण जंतू त्याच्या अंगात जन्मभर राहतात आणि तो इतरांना देत राहतो. शिंकणारा पक्षी स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये, दया आली म्हणूनही घेऊ नये.

आता उरल्या चार. आणि तांबडी खुडूक झाली.

खुडूक कोंबडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. ती खोक्यात पसरून बसते, पाव फुगावा तशी, आणि हात नेला की पिसं फुलवून एक खर्जातला आवाज काढते. पोटाखालची पिसं स्वतःच उपटते, म्हणजे अंड्याला थेट कातडीची ऊब मिळते. खाली अंडं असो नसो, बसते. मी आईला फोन केला. आईच्या लहानपणी त्यांच्या घरी कोंबड्या असत. मी म्हटलं, "आई, ही उठतच नाही, गार पाण्यात बुडवू का?" आई म्हणाली, "बुडवतेस कशाला? तुला कोंबड्या वाढवायच्याच आहेत ना? मग तिच्याखाली अंडी ठेव. ती तुझ्यापेक्षा चांगलं करेल."

आमच्याकडे कोंबडा नाही, म्हणजे आमची अंडी फळणार नाहीत. एका पाळणाऱ्या गृहस्थांकडून नऊ फळलेली अंडी आणली. आणतानाच त्यांना विचारून ठेवलं होतं की कोंबडे निघाले तर परत घ्याल का. हे आधी विचारावंच लागतं. उबवलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात, आणि दाटीवाटीच्या वस्तीत पहाटे चारला आरवणारा कोंबडा कुणाला चालत नाही. शहराशहराचे नियमही वेगळे असतात: किती पक्षी चालतात, कोंबडा चालतो का, शेजारच्या भिंतीपासून खुराडं किती लांब हवं. मी संख्या वाढवण्याआधी ते वाचून घेतले आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगितलं.

तांबडीला रात्री वेगळ्या खोलगट पेटीत हलवलं आणि अंडी एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली. प्रत्येक अंडं तिने चोचीने आत ओढून घेतलं. सातव्या रात्री अंडी बॅटरीवर धरून पाहिली. हाताची मूठ करायची, वर अंडं, खालून उजेड. दोन अंडी नुसती पिवळट, उजेड आरपार. एकात रक्ताची कडी दिसली, म्हणजे जीव धरून गेला होता. उरलेल्या सहांत एक गडद ठिपका आणि त्याच्या चहूबाजूंनी लाल शिरांचं जाळं, कोळ्यासारखं. एका अंड्यात तो ठिपका हलला. मुलगी श्वास रोखून बघत होती. "आई, हे आत्ता आपल्याला बघतंय का?" असं तिने अगदी हळू विचारलं.

यंत्रात उबवायचं तर ३७.५ अंश सेल्सिअस तापमान राखावं लागतं, अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवावी लागतात, आणि शेवटचे तीन दिवस दमटपणा वाढवावा लागतो. मग पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब, आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, दिव्यापासून लांब चोच उघडून पडली असतील तर उकडतंय. तांबडीने हे सगळं न बघता केलं. दिवसातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं उठायची, खायची, पाणी प्यायची, धुळीत एक लोळण, की परत.

विसाव्या दिवशी संध्याकाळी पेटीजवळ गेले तर तिचा आवाज बदलला होता. खर्जातली गुरगुर जाऊन बारीक, तुटक क्लुक-क्लुक, आणि तिच्या पोटाखालून उत्तर येत होतं. कवच अजून फुटलेलं नव्हतं. एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत पाच पिल्लं बाहेर आली. सहाव्या अंड्याला टवका गेला होता, पण पिल्लू निघालं नाही. मदत करायची का, यावर मी तासभर त्या पेटीशी बसून होते. केली नाही. घाईने सोललं तर कवचाच्या आतल्या शिरा तुटून रक्तस्राव होतो, हे वाचलेलं होतं. आजही तिथे बसल्याचं आठवतं.

पिल्लांच्या पोटात बलकाचा शेवटचा भाग ओढून घेतलेला असतो, म्हणून पहिले दोन दिवस त्यांनी फार खाल्लं नाही तरी घाबरायचं कारण नाही. पाणी मात्र हवं, आणि उथळ भांड्यात गोट्या टाकून, नाहीतर पिल्लं बुडतात. राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरची लस सहाव्या दिवशी दिली, डोळ्यात एक थेंब. लसीची कुपी शेकडो पक्ष्यांची येते आणि कालवल्यावर तास-दोन तासांतच संपवावी लागते. मी अजून तीन कोंबडीवाल्यांना त्याच दिवशी बोलावून घेतलं होतं, पाच पिल्लांसाठी कुपी फोडायची तर असंच करावं लागतं.

खाद्याची अडचण मला आधी सुचली नव्हती. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, कवचासाठी. तेच खाद्य वाढत्या पिल्लाने महिनोन्महिने खाल्लं तर मूत्रपिंड बिघडतं. उलट पिल्लांना वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिन लागतं. एका अंगणात दोन जेवणं वेगळी ठेवणं जमेना. कोंबडी दुसऱ्याच्या ताटातलं आधी खाते. शेवटी सगळ्यांना वाढत्या पक्ष्यांचं खाद्य सुरू केलं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. जिला गरज आहे ती बरोबर त्या वाटीकडे जाते, पिल्लं तोंड लावून सोडून देतात. हा उपाय मी सगळ्यांना सांगते.

नवं खुराडं याच काळात बांधलं. जुनं चार बाय चार फुटांचं होतं. आत एका कोंबडीला चार चौरस फूट जागा धरली तर त्यात चारच मावतात, आणि मी त्यात पाच घातल्या होत्या. आता पाच बाय सहा. बाहेर हिंडायला जाळीचं आवार, प्रत्येकीला दहा चौरस फूट तरी. दांडीवर एकीला नऊ-दहा इंच, आणि दोन्ही दांड्या एकाच उंचीवर, कारण उंच दांडीसाठी रोज भांडण होतं. जाळी अर्धा इंच चौकटीची, वेल्ड केलेली. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो आणि उंदीर भोकातून येतो. जाळी जमिनीत फूटभर पुरली. रात्री दाराला नुसती कडी पुरत नाही, मांजर पंजाने ती उघडते. आकडा लावला.

एक गोष्ट शहरातल्या सगळ्यांनी बघावी असं मला मनापासून वाटतं. आमच्या मागच्या भिंतीचा जुना रंग पोपडे धरून खाली पडायचा आणि कोंबड्या नेमक्या तिथेच उकरायच्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं. मातीतलं शिसं कोंबडीच्या पोटात जातं आणि तिथून अंड्याच्या बलकात उतरतं. कोंबडी ठणठणीत दिसते, पण अंडी घरातली मुलं खातात. मी माती तपासून घेतली आणि अहवाल आल्यावर भिंतीलगतची चार फुटांची पट्टी कुंपणाबाहेर काढली. बाकीच्या आवारात स्वच्छ माती आणि लाकडाचा चुरा टाकला, खाद्य जमिनीवर टाकणं बंद केलं.

तांबडी आणि पिल्लं जुन्या खुराड्यात होती, मध्ये जाळी. बाकीच्या तिघी पलीकडून रोज बघायच्या. पहिल्या आठवड्यात काजळी जाळीवर चोच मारायची, तिसऱ्या आठवड्यात जाळीला टेकून धुळीत लोळायला लागली, आणि पलीकडे तीन फुटांवर पिल्लंही लोळायची. ही जाळी मला दोन पांढऱ्यांच्या वेळी सुचायला हवी होती. दिसू द्यायचं, भिडू द्यायचं नाही.

आठव्या आठवड्यात तांबडीने पिल्लांना टोचून दूर केलं. एका दिवसात. काल पंखाखाली घेणारी आई आज खाद्याजवळ येऊ देत नव्हती. मुलीला ते पाहवेना, पण तेच वय असतं. तोवर दोन पिल्लांचे तुरे लाल व्हायला लागले होते. कोंबडे. थोडे मोठे झाल्यावर, आरवायला लागायच्या आत, ते ठरल्याप्रमाणे परत गेले. राहिल्या तीन.

जाळी काढली ती संध्याकाळी नाही, भर दिवसा, मी घरी असताना. खाद्य दोन ठिकाणी, पाणी दोन ठिकाणी, आणि आवाराच्या कोपऱ्यात एक फळी अशी लावली की खालच्या पाच इंचांच्या फटीतून छोट्या जातील, मोठ्या नाही. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार हे पक्कं ठरलेलं असतं. थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२१ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं, आणि त्याने कोंबड्यांची टिपणं ठेवायला सुरुवात केली होती ती अगदी लहानपणी. मीही वही घेऊन बसले. काजळी सगळ्यांना टोचते. तांबडी काजळी सोडून सगळ्यांना. दोन पांढऱ्या छोट्यांना, आणि फार जोरात. ज्यांना आजवर खाली कुणी नव्हतं त्यांनाच घाई. एक टोच आणि छोटीने मान खाली घालून बाजूला होणं, एवढं मी होऊ दिलं. ते थांबवलं तर ठरायचं ते ठरतच नाही, रोज नव्याने सुरू होतं. रक्त, किंवा एकीच्या मागे तिघी लागणं, किंवा एखादी खाद्याकडे यायचंच थांबवते, यातलं काही दिसलं तर मात्र उठायचं. एका पांढरीला मी दोन दिवस वेगळं ठेवलं. त्रास देणारीला वेगळं करायचं, त्रास होणारीला नाही. परत आली की तिलाच नवखेपण येतं आणि जोर उतरतो. साधारण तीन आठवड्यांत आवाज कमी झाला.

आता सात आहेत. रोज आठशे ग्रॅमच्या आसपास खाद्य, दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून लांब धरते तेव्हा तिला सावली आणि गार पाणी लगेच हवं असतं. भुशाची सहा इंचांची गादी कोरडी ठेवली तर वास येत नाही. ओली झाली की अमोनियाचा उग्र वास आधी माझ्या नाकाला कळतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंच्या. ओल्या गादीतच पिल्लांना रक्ती हगवण लागते, म्हणून ओला भाग त्याच दिवशी काढते. काढलेला भुसा कंपोस्टमध्ये जातो आणि काही महिने कुजल्यावरच झाडांना, ताजा घातला तर मुळं जळतात. खुराड्यातून आल्यावर हात साबणाने धुवायचे, मुलीनेही, आणि कोंबडीला तोंडाशी धरायचं नाही. रानपाखरं खाद्याच्या भांड्याशी येऊ नयेत म्हणून आवारावर छत घातलंय, बर्ड फ्लूसारखे आजार त्यांच्या विष्ठेतून येऊ शकतात.

तिघी छोट्यांपैकी पहिलीने बाविसाव्या आठवड्यात अंडं दिलं. लहानसं, एका टोकाला रक्ताची बारीक रेघ. ती स्वतःच त्याच्याकडे वाकून बघत होती. तांबडीने पलीकडच्या खोक्यातून मान वर काढली आणि दोघींनी मिळून पाचेक मिनिटं आरडाओरडा केला.

दर रविवारी रात्री मी बॅटरी आणि पांढरा कागद घेऊन जाते. काजळी डाव्या टोकाला, तिच्या शेजारी तांबडी, मग दोन पांढऱ्या, आणि समोरच्या दांडीवर तिघी एकमेकींना चिकटून, एवढी जागा असूनही. मोजते. कागद दांड्यांच्या खालून, टोकाच्या खाचांतून सावकाश फिरवते आणि उजेडात धरून बघते. मुलगी बाहेरून विचारते, "आहे का काही?" काल काही नव्हतं. आकडा लावला आणि आम्ही आत आलो.